कंपनी झुकली

राजारामकाकांना खाली उतरवायचं म्हणजे आधी खुर्ची मिळवायची. सद्भावना सोसायटीत प्लास्टिकच्या खुर्च्यांना तोटा नव्हता, पण हातांना भक्कम आणि जिन्याच्या वळणावर कठड्याला न अडकणारी अशी एकच होती, वॉचमनची. तो ती देताना तोंड वाकडं करायचा, कारण मग त्याला उभं राहावं लागे. काकांना खुर्चीत बसवायचं, छातीवरून पंचा आवळून मागे गाठ मारायची, चौघांनी चार बाजूंनी उचलायचं आणि सहाव्या मजल्यावरून उतरायला लागायचं. सगळ्यांच्या पुढे अक्षता. तिच्या खांद्याला काकांची डायलिसिसची पिशवी, आणि पायाने ती लोकांच्या चपला बाजूला सारत जायची. जिन्यात चपलांचे स्टँड ठेवू नयेत अशी नोटीस तिनेच चारदा लावली होती. ती नोटीस बहुधा चपलांनीच वाचली असावी.

अक्षता सोसायटीची सेक्रेटरी कशी झाली, याचं उत्तर मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत एकच असतं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना खाली घातल्या तेव्हा हिची मान वर होती. ती मुलुंडमध्येच एका सीएच्या ऑफिसात नोकरी करायची, चौथ्या मजल्यावर राहायची, आणि गेले दीड महिने घरच्यांच्या नावांपेक्षा जास्त वेळा तिने बंद पडलेल्या लिफ्टचं नाव घेतलं होतं.

ही बिल्डिंग पूर्वी चाळ होती. बहुतेक बिऱ्हाडं मालवणाकडची, गिरणीत राबलेल्या माणसांची. बिल्डरने चाळ पाडून सात मजले उभे केले आणि त्यात एक चकाचक लिफ्ट बसवली, एका बड्या कंपनीची. मेंटेनन्सही त्याच कंपनीकडे. दर वर्षी दर वाढायचे, आणि तक्रार केली की माणूस यायचा तो निवांत, परवा-तेरवा. शेवटी एका जनरल बॉडीत राजारामकाका उभे राहिले. त्या वेळी त्यांची किडनी बरी होती आणि आवाज तर फारच बरा होता.

"लिफ्ट आमची. पैशे आमचे," ते म्हणाले. "मगे ती कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची, ता आमी ठरवतलो. कंपनी कोण ठरवणारी?"

टाळ्या पडल्या. कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि भांडुपच्या चंद्रप्रकाशच्या फर्मला काम मिळालं. चंद्रप्रकाशकडे रीतसर लायसन्स होतं, फोन केला की त्याच दिवशी यायचा, आणि मुख्य म्हणजे दिलेला चहा पिऊन जायचा, त्यामुळे बायकांमध्येही त्याचं नाव झालं. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग एका दुपारी लाइटचा दाब वरखाली झाला आणि लिफ्टच्या कंट्रोलरमधलं कार्ड जळालं. कार्ड म्हणजे लिफ्टचं डोकं. चंद्रप्रकाशने बाजार पालथा घालून तसंच कार्ड पैदा केलं, बसवलं, आणि खाली येऊन अक्षतासमोर हात झाडत उभा राहिला.

"मॅडम, कार्ड चालू आहे. मोटर चालू आहे. दरवाजे चालू आहेत. पण ते कोड मागतंय."

"कसला कोड?"

"कंपनीचा. कार्ड बदललं की कोड टाकायला लागतो. तो कंपनीच्या इंजिनीअरकडेच असतो, रोजचा वेगळा. माझ्याच्याने नाय होणार."

सगळा कंट्रोलरच बदलायचा तर परवानग्यांना महिने जाणार होते आणि खर्च अर्धी लिफ्ट नवी घेण्याइतका होता. म्हणजे सात मजल्यांची लिफ्ट धडधाकट उभी होती आणि एका आकड्यासाठी अडली होती. अक्षता हाफ डे टाकून अंधेरीला कंपनीच्या ऑफिसात गेली. तिथे सौरभ नावाचा कस्टमर मॅनेजर भेटला. इतका गोड बोलणारा की त्याच्याशी भांडायला माणसाला स्वतःचीच लाज वाटावी.

"मॅडम, तुमचा त्रास मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण पार्ट आणि कोड आम्ही फक्त कॉन्ट्रॅक्ट कस्टमरना देतो. सेफ्टीचा प्रश्न आहे."

"सहाव्या मजल्यावर डायलिसिसचे पेशंट आहेत. त्यांना आम्ही खुर्चीतून उचलून उतरवतो. त्यात कुठली सेफ्टी?"

सौरभने हळहळून मान हलवली आणि कागद पुढे सरकवला. पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. मधल्या दोन वर्षांची भरपाई. बाहेरच्या कुणालाही लिफ्टला हात लावू देणार नाही अशी हमी. आणि शेवटी एक ओळ, की हा बिघाड बाहेरच्या माणसाच्या हाताळणीमुळे झाला हे सोसायटीला मान्य आहे.

"हे तर खोटं आहे ना," अक्षता म्हणाली.

"स्टँडर्ड फॉरमॅट आहे मॅडम," सौरभ म्हणाला, आणि तिला कॉफी हवी का विचारलं.

तिची मावसबहीण श्वेता वकील. तिला अक्षताने फोन लावला. वस्तू विकत घेणाऱ्याला ती हवी तिथे दुरुस्त करून घेता आली पाहिजे, सुटे भाग मिळाले पाहिजेत, असा काही कायदा आहे म्हणतात, तो आपल्याला लागू होतो का?

"त्याचं चाललंय," श्वेता म्हणाली. "सरकारने पोर्टल काढलंय. शेतीची अवजारं, मोबाईल, घरातल्या वस्तू, गाड्या, असं आहे त्यावर."

"लिफ्ट?"

"लिफ्ट नाही गं. आणि ते पोर्टल आहे, कायदा नाही. कायदा यायचाय."

"कधी येणार?"

"येणार आहे. तू ग्राहक मंचात जा ना. केस चांगली आहे तुमची. वेळ लागेल, पण चांगली आहे."

"किती वेळ?"

"अक्षू, ते काका कसे आहेत?"

अक्षताने तरीही तक्रार टाकली. कंपनीला मेल केले, हेल्पलाइनला फोन केले. प्रत्येक ठिकाणाहून एक तक्रार नंबर मिळाला आणि मनापासून धन्यवाद मिळाले. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिला वाटायचं, आपण बरोबर आहोत. सकाळी खुर्ची मागायला वॉचमनकडे जाताना मात्र त्या बरोबर असण्याचा काही उपयोग व्हायचा नाही.

पहिले पंधरा दिवस उत्साह होता. जिमला जाणारी पोरं पुढे आली. गणपती उतरवायची सवय असलेलीच माणसं ती, जिन्याच्या वळणावर कुणी पाय कुठे टाकायचा हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. काकाही खुर्चीतून हुकूम सोडायचे, "अरे मेल्यांनो, मी मूर्ती नाय, सांभाळान घ्या." तिसऱ्या मजल्यावर विसावा, तिथे कुणी पाणी द्यायचं, सगळे हसायचे. मग एकाची पाठ धरली. एकाची ड्युटी बदलली. व्हॉट्सॲपवर उद्या कोण कोण येणार असं विचारलं की आधी अंगठे यायचे, मग नुसत्याच निळ्या खुणा यायला लागल्या. कुणाला दोष द्यायचा? माणसं वाईट नव्हती, दमली होती. अक्षताचा नवरा सुबोध दर खेपेला एक बाजू धरायचा, आणि परतल्यावर कमरेला बाम लावत बसायचा.

काकांना ते दिसत होतं. त्यांची नजर पहिल्यापासून तिखट. एका मंगळवारी ते म्हणाले, "आज माका बरा वाटता. आज ऱ्हवांदे." गुरुवारी गेले. शनिवारी परत, "आज ऱ्हवांदे." डायलिसिस म्हणजे काही भजनाचा क्लास नव्हे, चुकला तर चुकला म्हणायला. पाय सुजले. जिन्यापर्यंत ऐकू यावं असं धापा टाकणं सुरू झालं.

अक्षताने त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. "काका, सही करून टाकू का? पाच वर्षं सहन करू."

"नाय," काका म्हणाले.

"काका..."

"ऐक गो. गिरणीच्या संपात मालकान कागद फुडे केल्यान. हयसर सही कर, आजपासून कामार ये, फुडे कधी तोंड उघडूचा नाय. माज्या खात्यातल्या लोकांनी सह्या केल्यानी. मिया नाय केलंय. हिना मगे लोकांचे डबे करून पोरांक वाढवल्यान, पण मिया नाय केलंय. आता म्हातारपणी, ते पण खोट्या कागदार? मेलंय तरी चलात. माझ्यासाठी तू सही करू नको."

काकी, म्हणजे शेवंती, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. लोकांचे डबे करून पोरांना वाढवलेल्या. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत.

त्या बोलल्या तिसऱ्या दिवशी. दोन मजले जिना उतरून, गुडघ्याला हात लावून अक्षताच्या दारात आल्या आणि चपला न काढताच म्हणाल्या, "हे आज पन गेले नाय."

"काकी, या ना, बसा."

"बसूक नाय इलंय. तेंचा त्वांड सुजला. रातभर बसान काढल्यानी." मग त्यांनी दाराची चौकट धरली. "चेडवा, तू काय ती सही करून टाक. तेंका सांगू नको."

अक्षताला रडू आलं नाही. तिला फार, फार दमल्यासारखं वाटलं, आणि त्यात कुठेतरी सुटल्यासारखंही. कुणीतरी हे म्हणावं याची ती किती दिवस वाट पाहत होती ते तिला त्याच क्षणी कळलं.

संध्याकाळी चेअरमन सीताराम मेस्त्रींच्या हॉलमध्ये कमिटी जमली. सही करायची यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. चर्चा झाली ती काकांना काय सांगायचं यावर. सही केली म्हटलं तर हा माणूस लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं.

"त्याका सांगूया, कंपनी झुकली," मेस्त्री म्हणाले. "आपल्या तक्रारीक घाबरली. फुकट कोड दिल्यानी."

सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. किती साधी गोष्ट. म्हाताऱ्याला लिफ्ट मिळेल आणि वर विजयही मिळेल, यात कुणाचं काय जातं? लहान मुलांनाही दटावून ठेवायचं ठरलं. सद्भावना सोसायटीत एवढं एकमत पाण्याच्या टाकीवरूनही कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्षताने अंधेरीला जाऊन सही केली. त्या शेवटच्या ओळीच्या खालीच सहीची जागा होती. तिने चंद्रप्रकाशला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे मॅडम, काकांचं आधी बघा," आणि ते ऐकून तिला स्वतःची जास्तच लाज वाटली. कंपनीचा इंजिनीअर आला, त्याने लॅपटॉप लावला, कोड टाकला आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. लिफ्ट चालू झाली.

काका मात्र एवढ्यावर थांबणारे नव्हते. डायलिसिसला जाऊन आल्यावर अंगात जरा जीव आला, तसा त्यांनी तळमजल्यावर लिफ्टसमोर नारळ ठेवायला लावला. सगळ्यांना बोलावलं आणि टोपी सारखी करून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ज्या कंपनीन आमका दीड म्हयनो आडवून ठेवल्यान, तिका तू सुबुद्धी दिलंस."

"होय म्हाराजा."

"आमच्या अक्षतान वाघिणीसारखी झुंज दिल्यान आणि आमका कोणाफुडे वाकाक लागला नाय."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. अक्षताही म्हणाली. न म्हणून करते काय? मेस्त्री छताकडे बघत होते. काकी पदराने उगाच नारळ पुसत होत्या.

त्यानंतर काका बदललेच. सकाळी लिफ्टने खाली येऊन बाकावर पेपर वाचत बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे. डायलिसिसला जायचं म्हटलं की आधीच शर्ट घालून तयार. काकी अक्षताला लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा तिचा हात दाबून म्हणाल्या, "माणूस परत दिलंस गो माका." अक्षताला बरं वाटलं. खोटं बोलून एवढं बरं वाटू नये, हेही वाटलं, पण तिने ते बाजूला ठेवलं. तिच्याकडे बाजूला ठेवलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, त्यात आणखी एक.

पुढे एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, आणि त्यांच्याबरोबर तिशीची एक मुलगी. चेहरा झोप न झालेला, हातात हेल्मेट.

"ही संघमित्रा," काका आत येत, खुर्चीत बसत म्हणाले. "कांजूरमार्गची. हिची आये, द्रौपदीबाई, डायलिसिसाक माझ्या बाजूच्या बेडार असता. तेंच्या बिल्डिंगीत पन आपलीच कंपनी. लिफ्ट बंद, कोड देयत नाय. मिया सांगलंय तेंका, घाबरू नका, सही करू नका. आमच्या अक्षतान कसा केल्यान ता येवन इचारा."

अक्षताच्या हातात दळणाचा डबा होता. तो तिने खाली ठेवला.

"मॅडम, काका आईला दर खेपेला सांगतात तुमच्याबद्दल," संघमित्रा म्हणाली. "आमची कमिटी सही करणारच होती. पेन काढलं होतं अक्षरशः. पण आईने घरात सगळ्यांना शपथ घातली, की सही करायची नाही. म्हणते, राजारामभाऊ एवढे आजारी असून लढले आणि कंपनी झुकली, मग मी माझ्यामुळे तुम्हाला झुकू देणार नाही." ती थकल्यासारखी हसली. "ती पाचव्या मजल्यावर आहे. माझा भाऊ आणि शेजारचे दोघं तिला उतरवतात. परवा भावाचा पाय सरकला. थोडक्यात वाचली, पण खुर्चीतून कलंडली. आता म्हणते, नकोच, एखादा दिवस चुकला तर चालतं."

आतल्या खोलीतून सुबोध दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"मला एवढंच सांगा," संघमित्रा म्हणाली, "तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं कंपनीला? आणि अजून साधारण किती दिवस धरून राहायला लागेल? म्हणजे आईला सांगता येईल."

अक्षताने काकांकडे पाहिलं. ते अभिमानाने तिच्याकडेच बघत होते, आता ही सांगेल म्हणून. तिच्या मनात आलं, काहीतरी थातूरमातूर सांगावं, हिला खाली गाठावं, गेटपाशी खरं बोलावं. तेवढं जमलंही असतं. पण ही मुलगी काकांसमोर बसली होती, आणि तिची आई पाचव्या मजल्यावर, सुजल्या पायांनी, अक्षताच्या झुंजीवर विश्वास ठेवून बसली होती. अक्षताला तो भार पेलवेना.

"कंपनी झुकली नाही," ती म्हणाली. "मी सही केली. पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, भरपाई, सगळं. चूक आमची होती असंही लिहून दिलं. काकांना आम्ही खोटं सांगितलं."

संघमित्रा आधी तिच्याकडे बघत राहिली, मग काकांकडे.

काकांचा चेहरा तसाच होता. फक्त हात गुडघ्यावरून उचलून त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. अक्षताला वाटलं, ते ओरडतील. त्यांनी ओरडावं असंच तिला वाटत होतं.

"सगळ्यांक ठावक होता?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"हिका पन?"

काकींचं नाव न घेता त्यांनी विचारलं, आणि अक्षताला तिथे खोटं बोलायची शेवटची संधी होती. ती नुसती मान हलवून हो म्हणाली.

"काका, तुम्ही जायचं सोडलं होतं ना," सुबोध दारातून म्हणाला. "दुसरं काय करणार होतो आम्ही."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कमरेकडेही पाहिलं असावं, कारण तो अजूनही एका बाजूला झुकून उभा राहायचा. मग ते हळूच उठले. संघमित्राने आधाराला हात दिला, तो त्यांनी धरला आणि सोडला नाही.

"तू उद्या जा," ते तिला म्हणाले. "तुमच्या सेक्रेटरीक घेवन जा. आणि सही करा."

"पण आई ऐकणार नाही काका. तुमच्यामुळेच तर ती..."

"तिका सांग, कंपनी झुकली," राजारामकाका म्हणाले. "मंगळवारी मिया पन सांगतंय."